ऑनलाइन गेममध्ये लिंबूटिंबू चालतो का?

मागच्या वर्षीच्या मार्च एंडची गोष्ट. मी एका सीएंच्या ऑफिसात कामाला आहे, त्यामुळे मार्च एंड म्हणजे काय ते ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, घरी आल्यावरसुद्धा लॅपटॉप उघडाच असतो. तर अशात आमचे चिरंजीव (तेव्हा साडेसात वर्षांचे, दुसरीत) येऊन उभे राहिले, "आई, बिल्डिंगमधले सगळे तो गेम खेळतात, फक्त माझ्याकडेच नाहीये, मला कोणी घेतच नाही." आता 'मला कोणी घेतच नाही' हे वाक्य असलं आहे ना की ते ऐकून आपण पाघळतोच. मी मान वर न करता म्हणलं घे बाबा घे, आणि माझा फोन त्याच्या हातात दिला. गेमचं नाव काय, त्यात करतात काय, कोणाबरोबर खेळतात, एक प्रश्न विचारला नाही. साधी भाजी घेताना मी चार ठिकाणी भाव विचारते.

पुढच्या तीन आठवड्यांत दोन गोष्टी झाल्या.

पहिली, बँकेचा मेसेज. तीन वेळा मिळून १,१४७ रुपये गेले होते. मला आधी वाटलं नवऱ्याने काहीतरी मागवलं, त्याला वाटलं मी मागवलं, दोन दिवस दोघंही समजूतदारपणे गप्प. मग उलगडा झाला. चिरंजीवांचं म्हणणं, "मी पैसे नाही दिले आई, मी हिरे घेतले, नुसतं हिरवं बटण दाबलं." आणि खरं सांगू का, त्याच्या बाजूने ते शंभर टक्के खरं होतं. कार्ड माझं सेव्ह केलेलं, पासवर्ड विचारायचं सेटिंग मीच कधीतरी कंटाळून बंद केलेलं, त्याला पैसे गेलेले दिसलेच नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त लागली. मी चहा ठेवला होता आणि फोन ओट्याजवळ पडलेला, गेम चालूच होता, आणि चॅटमध्ये कोणीतरी विचारत होतं, भाई कहां से हो. वरती आमच्या पठ्ठ्याचं उत्तर, नाशिक. मग स्कूल कौनसा. अजून उत्तर दिलेलं नव्हतं, स्पेलिंग आठवत बसला असणार. आता पलीकडे दुसरा एखादा आठ-नऊ वर्षांचा पोरगाच असेल, बहुतेक असेलच, पोरं एकमेकांना हेच विचारतात, कुठे राहतो, कितवीत आहेस. पण मला ते कळायला काही मार्ग नव्हता, आणि माझ्या पोराला तर तो प्रश्न पडायचंही कारण नव्हतं. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण त्यातला निम्मा दोष माझा, आणि नाव लिहिलं की सगळे त्या एका गेमला शिव्या घालून मोकळे होतात आणि दुसरा डाउनलोड करतात.

त्या रात्री गेम काढून टाकला, घरात रडारड, सासूबाई म्हणाल्या एवढंच आहे तर मुळात दिलाच कशाला. बरोबर होतं त्यांचं. पण मग मी विचार करत बसले की आपण लहान असताना काय होतं. आमच्या वाड्यासमोर डबा ऐसपैस चालायचा, लगोरी, साखळी, आणि मोठ्या पोरांत एखादं चार-पाच वर्षांचं शेंबडं यायचंच भावाचा शर्ट धरून. त्याला काढून टाकायचे नाहीत. तो लिंबूटिंबू. म्हणजे तो पळणार, ओरडणार, लपणार, सगळं करणार पण त्याच्यावर राज्य येणार नाही, तो आउट झाला तरी आउट नाही. आणि दुसरं म्हणजे ती सगळी पोरं ओळखीची होती, अमक्यांचा मधला, तमक्यांची धाकटी, भांडण झालं तर कोणाच्या दाराशी जायचं ते माहिती असायचं. कोणाला शू लागली तर टाइमप्लीज म्हणायची सोय होती.

मला त्या रात्री वाटलं की अरे आपल्याला गेममध्ये हेच बघायचंय. यात लिंबूटिंबू चालतो का, पलीकडची पोरं कोणाची आहेत, आणि टाइमप्लीज म्हणता येतं का. चित्रं कशी, शैक्षणिक आहे का, मेंदूला चालना वगैरे, ते सगळं त्यानंतर. त्यानंतर वर्षभर आम्ही बरेच गेम घेतले, काढले, परत घेतले, आणि बिल्डिंगमधल्या दोन-तीन आया मला विचारतात आता, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीआधी एकदाच लिहून टाकतेय.

आधी त्या प्ले स्टोअरवरच्या आकड्याचं सांगते, ३+, ७+, १२+ वगैरे. मी तेच बघून 'चालतंय की' म्हणायचे. पण तो आकडा काय सांगतो, तर गेम बनवणाऱ्यांनी गेममध्ये जे घातलंय ते, म्हणजे मारामारी किती, रक्त दिसतं का, शिव्या आहेत का. ऑनलाइन आलेला माणूस तुमच्या पोराशी काय बोलेल याचं रेटिंग कोण देणार, देऊच शकत नाही. अमेरिकेत जी रेटिंग देणारी संस्था आहे ती तर सरळ छापते की ऑनलाइन होणारा संवाद आमच्या रेटिंगमध्ये धरलेला नाही. म्हणजे ३+ चा लूडो आहे आणि त्यात अनोळखी माणसाशी बोलायची सोय आहे असं होऊ शकतं. म्हणून आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात जे असतं ना, युजर्स एकमेकांशी बोलू शकतात, अॅपमधून खरेदी आहे, ते आकड्याच्या आधी वाचायचं. मी चष्मा लावून वाचते.

आता सुरुवात लूडोपासूनच करते कारण आमच्याकडे तिथूनच झाली. लूडो किंग आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा, २०१६ मध्ये आलेला, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अख्खा देश तो खेळत होता ते सगळ्यांना आठवत असेलच. यात रूम बनवून कोड पाठवायचा, तो कोड ज्याच्याकडे तोच आत येतो. आम्ही तसंच करतो, माझी नणंद नागपूरला, तिची पोरगी सहा वर्षांची, इकडून हा आणि सासूबाई, तिकडून ती आणि तिचे बाबा. सासूबाईंना तर सोंगटी मारली की एवढा आनंद होतो, स्वतःच्या नातवाची असली तरी. गेममधला आवाज बंद ठेवतो आणि शेजारी दुसऱ्या फोनवर नेहमीचा व्हिडिओ कॉल लावतो, बोलणं सगळं तिथे. ही युक्ती मला वर्षभरात सापडलेली सगळ्यात कामाची गोष्ट आहे, फुकट सांगतेय. बोलायचं कॉलवर, खेळायचं गेममध्ये, म्हणजे गेमचं चॅट लागतच नाही. लूडोमध्ये मला आवडत नाही त्या जाहिराती, सारख्या येतात आणि कुठलातरी भलताच गेम दाखवतात, आणि अनोळखी लोकांबरोबर खेळायचं बटणही तिथेच समोर असतं. सासूबाईंना मध्ये वाटायला लागलं होतं की हा पैशांचा जुगार आहे, त्यांच्या भिशीत कोणाच्यातरी जावयाचे बरेच पैसे असल्याच कुठल्यातरी लूडोत गेले होते. त्यांना समजावलं की पैसे लावून खेळायचे गेम वेगळे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदाच करून ते बंद केले, आपला हा नुसता खेळायचा. तरी हरल्या की म्हणतात जुगारच आहे मेला.

मग माइनक्राफ्ट. यावर थोडं जास्त लिहिणार आहे कारण आमच्या घरात टिकला तो हाच.

एकदाच पैसे भरून घ्यायचा गेम आहे, जाहिराती नाहीत, ठोकळे फोडायचे ठोकळे रचायचे, एवढंच दिसतं वरून. मला पहिल्यांदा बघून वाटलं हे काय, ग्राफिक्स तर आमच्या लहानपणच्या टीव्हीगेमसारखं. पण लिंबूटिंबूची सोय बघायची तर इथे बघावी. गेम सुरू करताना पीसफुल निवडलं की रात्री येणारे ते झॉम्बी आणि फुटणारी हिरवी भुतं येतच नाहीत, भूक लागत नाही, पडलं तरी आपोआप बरं होतं. क्रिएटिव्ह निवडलं तर सामान सगळं फुकट आणि उडता पण येतं. फोनवरच्या गेममध्ये एकमेकांना मार लागू नये असं सेटिंग आहे, मेलं तरी जमवलेलं सामान जाऊ नये असं आहे, सुरुंग फुटू नये असं आहे. आणि नवीन आलेल्या भिडूला नुसता पाहुणा म्हणून घेता येतं, म्हणजे तो फिरणार, बघणार पण काही फोडू शकणार नाही. हे पाहुणा प्रकरण मला फार आवडलं, कारण नागपूरच्या बाईसाहेबांनी पहिल्या दिवशी येऊन दादाचं अख्खं घर पाडलं होतं. मुद्दाम नाही, तिला वाटलं फोडायचाच गेम आहे. इकडे हा धाय मोकलून रडतोय, तिकडून ती, "मामी, दादा माझ्यावर चिडून राहिला ना!" मग दोन दिवस तिला पाहुणी ठेवलं, तिसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं की आता तिला पण फोडू दे.

एकाच घरात दोन फोन असतील तर सोपं आहे, एकाच वायफायवर पाहिजेत, एकाने जग उघडलं की दुसऱ्याला दिसतं. पण नाशिक-नागपूर जोडायचं म्हणजे दोघांची मायक्रोसॉफ्टची अकाउंटं लागतात, आणि तिथे सगळे अडकतात. पोराचं खरं वय टाकून अकाउंट काढलं की ते लहान मुलाचं अकाउंट होतं, मग ते पालकाच्या अकाउंटला जोडावं लागतं, आणि पालकाने वेबसाइटवर जाऊन 'हा ऑनलाइन खेळू शकतो' असं चालू करेपर्यंत गेम आत घेतच नाही. माझा एक रविवार गेला त्यात. नणंदेचे मिस्टर म्हणाले, वहिनी एवढं कशाला, जन्मसाल १९९० टाका, दोन मिनिटांत चालू होतं.

आणि होतं हो! तीच तर गंमत आहे. आपण सगळे हेच करतो, मीही तेच केलं होतं पहिल्या गेमला, माझा फोन, माझं अकाउंट, माझी जन्मतारीख. म्हणजे गेमच्या दृष्टीने तिथे अडतीस वर्षांची बाई खेळत होती. मग तो कशाला चॅट बंद करेल, कशाला खरेदीला विचारेल. लहान मुलांसाठी म्हणून कंपन्यांनी जी काही कुंपणं घातलीत ती सगळी त्या एका तारखेवर उभी असतात, ती खोटी टाकली की सगळं आडवं. तरी तो रविवार घालवा. रडत घालवा पण घालवा.

कंपन्या आपणहून सगळं नीट ठेवतील या भरवशावर राहू नका हेही आहेच. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक कंपनीला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलर मोजायला लावले, त्यातला निम्म्याहून जास्त भाग मुलांच्या खासगी माहितीचा कायदा मोडला म्हणून, आणि तक्रारीत एक मुद्दा हाच होता की मुलांसाठी पण बोलायचं आणि लिहायचं चॅट आधीपासूनच चालू ठेवलेलं होतं, अनोळखी माणसांशी. उरलेले कशासाठी, तर बटणं अशी ठेवली होती की लोकांकडून नको असताना खरेदी व्हायची. माझे १,१४७ आठवले मला. (ते मला परत मिळाले नाहीत, असो.)

बुद्धिबळाचं असं झालं की जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा वर्ल्ड कप जिंकला आणि आमच्या नागपूरच्या शाखेत एकदम बुद्धिबळाचं वारं शिरलं. तिला आता उंट-घोडे पाहिजेत, दादा पाहिजे समोर. मी लिचेस शोधलं, फ्रेंच लोकांचं आहे, ना नफा तत्त्वावर, पूर्ण फुकट, एक जाहिरात नाही, काही विकत घ्यायला लावत नाही. आणि त्यात लहान मुलांसाठी किड मोड आहे, तो चालू केला की चॅट, मेसेज, चर्चा सगळं गायब. मग पलीकडे कोणी का असेना, ब्राझीलचा आजोबा असेना, तो घोडा हलवणार आणि हा उंट हलवणार, यापलीकडे एक अक्षर जाऊ शकत नाही. अनोळखी माणसाबरोबर खेळायला मी परवानगी दिलेला हा एकमेव गेम. लिंबूटिंबूची सोय इथेही आहे बरं का, समोरच्याला पंधरा सेकंद जास्त द्यायचं बटण आहे, ओळखीत खेळताना चाल मागे घेऊ का असं विचारता येतं. हा तिला सेकंद देतो. चाल मात्र मागे घेऊ देत नाही, तिथे तत्त्व आडवं येतं साहेबांचं.

अमंग अस आम्ही दिवाळीत आणला, बिल्डिंगमधली पाच पोरं आमच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या आयांचे फोन, एक वायफाय. हा गेम आला २०१८ मध्ये पण गाजला २०२० मध्ये. एका वायफायवर खेळायची सोय असल्यामुळे बाहेरचा कोणी येत नाही. आता गेम काय आहे, तर आपल्या राजा-मंत्री-चोर-शिपाईची मोठी आवृत्ती, एक जण गुपचूप खलनायक, बाकीच्यांनी ओळखायचं. मोठी पोरं, नऊ-दहा वर्षांची, काय रंगली! पण आमचा आणि खालच्या मजल्यावरचा सहा वर्षांचा, दोघांना खोटं बोलताच येईना. सहा वर्षांचा खलनायक झाला की लगेच आईकडे पळत जाऊन कानात सांगायचा, तेही मोठ्याने. आणि सगळ्यांनी मिळून 'तूच आहेस, तूच आहेस' म्हणून बाहेर काढला की खरोखरचं वाईट वाटायचं, खेळातलं नाही. हिंसा आहे ती कार्टूनसारखी, बाहेरच्यांशी चॅट नाही, अनोळखी कोणी नाही, कागदावर सगळं बरोबर आणि तरी त्या वयाला नाही जमला. हे कुठल्याच रेटिंगवर लिहिलेलं नसतं, बसून बघितल्याशिवाय कळत नाही. कपाटात ठेवलाय, दोन वर्षांनी काढू.

न्यू जर्सीहून माझा भाऊ जुलैत येऊन गेला, त्याच्या पोरांनी स्विच (निन्टेंडोचं गेम खेळायचं यंत्र) आणला होता, त्यावर मारिओ कार्ट. गाड्यांची शर्यत, एका टीव्हीवर चौघं. यात स्मार्ट स्टिअरिंग म्हणून सेटिंग आहे, ते चालू केलं की गाडी रस्त्याबाहेर पडतच नाही, आणि अॅक्सिलरेटर आपोआप चालायचं वेगळं सेटिंग आहे, दोन्ही लावली की पोराने नुसतं हातात धरलं तरी गाडी शेवटपर्यंत जाते. माझ्या सासऱ्यांनी तसं एक रेस पूर्ण केली आणि चौथे आले, चौघांत, पण आले. फक्त त्यासाठी एवढं महागडं यंत्र घ्यावं का, तर आम्ही नाही घेतलं. ज्यांच्याकडे आहे त्यांना पहिला हाच सांगेन.

आता ज्याबद्दल सगळ्या आया विचारतात ते रोब्लॉक्स. बघा, हा एक गेम नाहीच, ही जत्रा आहे. २००६ पासून चालू असलेली जत्रा, आत लाखो खेळ, आणि ते बनवणारे बहुतेक खेळणारेच. एक पाळणा मस्त, शेजारचा मौत का कुआँ. तुम्ही रोब्लॉक्सला हो म्हणालात म्हणजे कुठल्या एका खेळाला हो नाही म्हणालात, पोराला जत्रेत सोडायला हो म्हणालात. त्यांनी बऱ्याच सुधारणा केल्यात, नोव्हेंबर २०२४ पासून तेराच्या आतल्या मुलांना खेळाबाहेर खासगी मेसेज करता येत नाहीत, पालक आपलं अकाउंट जोडून काय किती खेळला ते बघू शकतात, नऊच्या आतल्यांना जरा मारधाडीचे खेळ पालकांनी हो म्हणल्याशिवाय उघडत नाहीत, चॅटसाठी चेहरा दाखवून वयाचा अंदाज घेणंही सुरू केलंय. हे सगळं चांगलंच आहे. पण मला आतला एकेक खेळ बघायला वेळ नाही हे मी मान्य करून टाकलं. ज्या आईबापांना आहे त्यांनी चार खेळ निवडून, शेजारी बसून, जरूर खेळावं, मी नाक मुरडणार नाही. आमच्याकडे दहा वर्षांचा झाला की बघू असं ठरलंय आणि त्याला अजून एक वर्ष पाच महिने आहेत हे मला जवळजवळ रोज सांगितलं जातं.

बंदुकवाले, म्हणजे फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय, यावर मी वाद घालत नाही. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, मॅक्स राहिला. पबजी २०२० मध्ये गेला, बीजीएमआय होऊन २०२१ मध्ये आला, परत गेला, परत आला. बीजीएमआयमध्ये अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे हे कौतुकाने सांगतात लोक. तीन तास! इथे बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा सगळा मिळून स्क्रीनचा वेळ दोन तासांच्या आत पाहिजे. आठ वर्षांच्या पोराला तो गेम नकोच, पार्किंगमध्ये बसून खेळणारी पोरं मी पण बघते रोज, त्यांच्या आयांना मी काही बोलत नाही, माझ्या पोराला बोलते.

टाइमप्लीजचं राहिलंच. हे मला फार उशिरा कळलं. मी फॅमिली लिंकवर गेमला अर्धा तास लावला होता (गुगलचं आहे, फुकट, पोराच्या फोनवर नवीन अॅप आणि खरेदी दोन्हीला माझ्याकडे परवानगी मागतं, लावाच). तर अर्धा तास झाला की स्क्रीन बंद, बरोबर डावाच्या मध्ये. आणि मग जो आरडाओरडा व्हायचा तो मला व्यसनच वाटायचा. नवरा म्हणाला, अगं तुझी सिरियल शेवटच्या पाच मिनिटांत बंद केली तर? पटलं. आपल्यालाही लगोरी अर्धवट सोडून वर बोलावलं की राग यायचाच ना, आणि तिथे तर भिडू पण चिडतात की हा मधेच पळाला. म्हणून आता आमच्याकडे मिनिटं नाहीत, डाव मोजतो. बुद्धिबळ दहा-दहा मिनिटांचं लावलं की एक डाव सहसा वीस मिनिटांच्या वर जात नाही, असे दोन. लूडोचा एक. माइनक्राफ्टला शेवटच नाही ही त्याची खोड आहे, तिथे आधी ठरवायचं आज काय बांधणार, जिना, तर जिना झाला की बंद. कधी कधी जिना फार उंच होतो. होऊ दे.

टोपणनाव निवडताना पण बसा शेजारी. आमच्या पठ्ठ्याने स्वतःचं नाव, आडनाव आणि फ्लॅट नंबर असं सुचवलं होतं, कुरिअरवाला येणार असल्यासारखं. शेवटी खारीबटर ठरलं. नागपूरची तर्री पोहा झाली.

मागच्या ऑक्टोबरमध्ये, २०२५ च्या, मुंबईत पोलिसांचा सायबर जागृतीचा कार्यक्रम होता, मुख्यमंत्री पण होते, तिथे अक्षय कुमारने स्वतःच्या मुलीचं सांगितलं होतं. ती ऑनलाइन गेम खेळत होती, अनोळखी माणसाने आधी मुलगा की मुलगी विचारलं आणि मग नको तसला फोटो मागितला. तिने गेम बंद केला आणि जाऊन आईला सांगितलं. सातवी ते दहावीला आठवड्यातून एक सायबरचा तास ठेवा अशी त्याची मागणी होती. ती बातमी लागली तेव्हा आम्ही जेवत होतो. मी रिमोट शोधेपर्यंत चिरंजीव म्हणाले, "पण तिने आईला सांगितलं तर आई ओरडली नाही का? गेम नाही काढला?"

मला घास गिळवेना. कारण मी काढला होता. ते भाई कहां से हो झालं तेव्हा मी चिडून फोन ओढून घेतला होता, गेम उडवला होता, दोन दिवस फोन बंद. त्यातून तो काय शिकला, तर चॅटमध्ये काही आलं आणि आईला दिसलं की गेम जातो. म्हणजे पुढच्या वेळी आईला दिसू द्यायचं नाही. मी त्याला तेव्हाच सांगितलं, ताट बाजूला सारून, की कोणी काही विचारलं आणि तू मला येऊन सांगितलंस तर गेम काढणार नाही, तुझ्यावर ओरडणार नाही, वचन. त्याने लगेच घासाघीस केली, "आणि एक डाव जास्त?" दिला. त्यानंतर दोनदा आला सांगायला. एकदा लूडोत चुकून अनोळखी लोकांच्या खोलीत शिरला होता आणि कोणीतरी रागीट चेहरा पाठवला होता म्हणून, आणि एकदा उगाच, जास्तीच्या डावासाठी. दोन्ही वेळा डाव दिला. (खरंच काही गंभीर झालं तर गेममध्ये ब्लॉक आणि रिपोर्ट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, आणि मुलांसाठी १०९८ आहे, सायबर फसवणुकीला १९३० आहे. फ्रिजवर लिहून ठेवलेत मी दोन्ही.)

स्वतः खेळा हे पण सांगते, पण उपदेश म्हणून नाही. मी माइनक्राफ्टमध्ये गेले तर मला धड चालता येईना, आकाशाकडे बघत पाण्यात पडले. दोघांनी मिळून मला पाहुणी करून ठेवलंय, मामीला काही फोडू देऊ नको म्हणते ती भवानी. मी लिंबूटिंबू. पण आत असल्यामुळे कोण कोणाला काय बोलतं, कुठे कंटाळा येतो, कुठे दुकानाचं बटण चमकतं ते सगळं दिसतं. माइनक्राफ्टमध्ये पण दुकान आहे, आणि अनोळखी लोकांचे सर्व्हर पण आहेत त्याच पडद्यावर, ते मला आत गेल्यावरच कळलं. दोन्हीला हात लावायचा नाही असं ठरलंय, आतापर्यंत पाळलंय.

आता नवीन मागणी आलीये माइकवाल्या हेडफोनची, कानात घालून बोलायचं. मला ते नकोय कारण मग पलीकडचा आवाज मला ऐकू येणार नाही, स्पीकरवर असतं तोवर अर्धं लक्ष स्वयंपाकघरातून राहतं. नवरा म्हणतो, दे ना, तुझ्या मीटिंगमध्ये यांचा गोंधळ येतो. निकाल लागलेला नाही.

बाकी माइनक्राफ्टमधला वाडा बऱ्यापैकी होत आलाय. दोन चौक, वर माडी, मधोमध तुळशीवृंदावन, तुळस मिळाली नाही म्हणून कुठलंतरी फर्न लावलंय. नागपूरची मंडळी मे महिन्यात येणार आहेत त्याच्या आत पूर्ण करायचाय म्हणे. परवा सासूबाईंनी चष्मा लावून सगळा फिरून बघितला, हा पुढे चालून दाखवत होता, आणि शेवटी म्हणाल्या, "सगळं छान आहे रे, पण न्हाणीघर कुठाय?" तेव्हापासून दोघं त्याच्यामागे लागलेत, आज बंब बसवायचा आहे.